भारी अर्ज

आमच्या घरात पहिला घास इंग्रजीच्या परवानगीशिवाय तोंडात जात नसे. पानं वाढून होत, आई भाकरीची चळत मध्ये ठेवी, तात्या चित्राहुती घालत आणि मग हात पानावर तसाच ठेवून माझ्या दिशेने मान वळवत. मला एक इंग्रजी वाक्प्रचार म्हणायचा असे, त्याचा मराठी अर्थ सांगायचा आणि तो वापरून एक वाक्य करायचं. वाक्य रोजच्या व्यवहारातलं हवं, पुस्तकातलं चालत नसे. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचं संपून जाणे. घरातलं घासलेट संपलं आहे, एवढं इंग्रजीत म्हटलं की तात्या ‘ठीक’ म्हणत आणि भाकरी मोडत. चुकलं तर दुसरा वाक्प्रचार. लागोपाठ दोन चुकले की वरणावर साय धरू लागे. मग आई म्हणे की या इंग्रजांनी राज्य घेतलं ते घेतलं, आता वरणही निववून राह्यले.

तात्या म्हणजे माझे वडील. मेहकरच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओटी एवढं आमचं घर होतं, बालाजीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपूरला, जिल्ह्याचे साहेब बुलढाण्याला. मेहकरात इंग्रजी कानावर पडण्याच्या जागा दोनच, तहसील कचेरी आणि शाळा. तिसरी जागा आमचं स्वयंपाकघर, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या बायका आईला विचारत, आज कोणतं झालं? आई उत्तरही देई. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं दोन वेळा ऐकून तिच्याकडे मोठा साठा जमला होता आणि तो ती स्वतःच्या हिशेबाने वापरी. न्यूकॅसलला कोळसा नेणे, म्हणजे जिथे जे भरपूर तिथेच ते नेणे, या वाक्प्रचाराचा अर्थ तात्यांनी फोड करून सांगितला, तेव्हा तिने तव्यावरून नजर न काढता म्हटलं, “म्हणजे खामगावाले कापूस नेनं.” तात्यांनी तो अर्थ वहीत लिहायला मला सांगितलं.

अशा चार वह्या होत्या. त्यांचं मूळ एका शेऱ्यात होतं. तात्या तरुण शिक्षक असताना शाळा तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्याने त्यांचा तास ऐकला आणि जाताना सांगितलं की मास्तर, तुमचं इंग्रजी निर्दोष आहे, फक्त कुठलाही इंग्रज असं बोलणार नाही. तात्या हे कुणाला सांगत नसत. मला आईने सांगितलं. त्यानंतर त्यांनी डाकबंगल्याच्या खानसाम्याशी ओळख केली आणि साहेबलोकांची वाचून टाकलेली वर्तमानपत्रं तो त्यांना देऊ लागला. त्यातून ते इंग्रजांच्या घरातलं बोलणं वेचून काढत. शिकवायची त्यांची तऱ्हाही स्वतःची होती. ते म्हणत, ‘पुट’ ही एकच मुलगी समजा. ‘ऑफ’च्या घरी दिली की ती काम लांबणीवर टाकते. ‘आउट’च्या घरी दिली की दिवा विझवते. ‘ऑन’च्या घरी दिली की अंगात कपडा घालते. ‘अप विथ’च्या घरी दिली की सोसत राहते. मुलगी तीच, सासर बदललं की वागणं बदललं. हे मी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी आई अंबाडीची भाजी वाढत होती. ती म्हणाली, “आमच्या गावच्या सगळ्या पोरी त्या अप विथच्याच घरी देल्या म्हना.” तात्या हसले. ते क्वचित हसत, म्हणून लक्षात आहे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी फळ्याचं दिसेना, मग वहीचं, मग समोरच्याचा चेहरा. अकोल्याला जाऊन एका डोळ्याची शस्त्रक्रिया केली. तो डोळाही गेला आणि दुसऱ्याला हात लावू द्यायला ते तयार झाले नाहीत. नोकरी सुटली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, इंग्रजी पाचवीत, म्हणजे आताच्या नववीत. शाळा सोडायची वेळ आली असती, पण तात्यांनी घरी बसून अर्ज लिहायचं काम सुरू केलं आणि लिहायला हात माझा लागला.

त्या कामाची एक समजूत होती, आणि ती आमच्या भागात सर्वमान्य होती. मराठीत लिहिलेला अर्ज कारकुनाच्या टेबलावर थांबतो, इंग्रजीत लिहिलेला साहेबाच्या डोळ्यांपर्यंत जातो, एवढं तर बहुतेक ठिकाणी मानत. मेहकरात त्याच्या पुढचं होतं. इंग्रजी अर्जातही हलका आणि भारी असे दोन प्रकार लोक करत. ज्यात वाक्प्रचार जास्त तो भारी. लोक ओटीवर येऊन बसत, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, मास्तर, जरा भारी लिवा. अर्ज लिहून झाला की तो त्यांना इंग्रजीत वाचून दाखवायचा, हा रिवाज. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नसे, तरी तो पोथी ऐकावी तसा हात जोडून खाली मान घालून ऐकत असे. वाचन लांबलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान येई. लवकर संपलं तर तो विचारी, झालं एवढंच? बदल्यात लोक तुरीची डाळ, जवस, हंगामात हरभऱ्याचे घाटे आणून देत. आमचं घर त्यावर चालत होतं.

काम असं चाले. तात्या भिंतीला टेकून बसत, मी समोर उतरत्या झाकणाच्या लिहायच्या पेटीवर कागद ठेवून. ते एक वाक्य सांगत, मी लिहीत असे. टाक दौतीत बुडवायचा, दौतीच्या काठाला निथळायचा, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा बुडवायचा. काठाला टाक लागला की ‘टिक्’ असा बारीक आवाज होई. तात्या पुढचं वाक्य त्या आवाजाच्या अंदाजाने सोडत. आम्ही एकमेकांना थांब किंवा सांगा असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पार्वताबाई आली ती सकाळची वेळ होती. अमडापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घराचे वारस आजही तिथे आहेत. पस्तिशीची असेल, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. खरं तर तिचा तालुका चिखलीचा. पण चिखलीचे अर्ज लिहिणारे सगळे तिच्या चुलत दिराच्या बैठकीतले, म्हणून ती लढाईच्या दिवसांतल्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने धक्के खात मेहकरला आली होती. उंबऱ्याच्या आत न येता ओटीच्या कडेला बसली आणि तात्यांनी विचारल्यावर एका दमात बोलली. ते बोलणं मी पुढे पुन्हा ऐकलं, म्हणून जवळजवळ जसंच्या तसं देता येतं.

“माहा नवरा पाटील होता, मास्तर. दिवाळीच्या अगोदर गेला. पोरगं नऊ वर्साचं हाय. चुलत दीर म्हनते, पोरगं मोठं होईस्तोर दप्तर मी सांभायतो. सांभायन तो. पन मंग सोडन नाही. त्याच्या बापानं बी असंच एका पोरक्याचं दप्तर सांभायलं होतं, ते अजून त्याच्याच घरात हाय. माहा भाऊ किसन सातवी शिकला हाय. त्याचं नाव लावा. पोरगं वयात आलं का तो उठून आपल्या गावाले जाईन, तसं तो लिहून द्याले तयार हाय. एवढंच मांगनं हाय.”

दप्तर सांभाळणं म्हणजे पाटीलकीचं काम पाहणं, आणि ती पाटीलकी त्या घराण्यात वंशपरंपरेची. वारस अज्ञान असला की तो वयात येईपर्यंत सरकार दुसऱ्या कुणाला तरी कामावर नेमी. चुलत दिराने आपलं नाव आधीच कळवलं होतं. कुणाची हरकत आली नाही तर तेच लागणार होतं, आणि एकदा लागलं की नऊ वर्षांच्या मुलाला ते परत मिळेल असं पार्वताबाईला वाटत नव्हतं. गावातही कुणाला वाटत नव्हतं.

तात्यांना हे बोलणं भिडलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, बाई, तुमच्यासाठी माझ्याजवळ आहे ते सगळं घालतो. त्यांनी तसं खरंच केलं. सुरुवात ‘बीइंग बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी’ने झाली. इकडे सैतान, तिकडे खोल समुद्र, म्हणजे दोन्हीकडून संकट. पार्वताबाईने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरात आलेली पैनगंगा. त्यानंतर दाराशी आलेला लांडगा, म्हणजे उपासमार. मग उंटाची पाठ मोडणारी शेवटची काडी, म्हणजे सोसण्याची सीमा. मग एकही दगड उलटायचा शिल्लक न ठेवणे, म्हणजे सगळे उपाय करून पाहणे. पहिलं पान संपलं तेव्हा त्यावरून एक लांडगा, एक समुद्र आणि एक उंट जाऊन आले होते, आणि नवरा वारल्याचं अजून आलं नव्हतं. मला हे तेव्हाही दिसलं. पण तात्यांच्या मजकुरात काही कमी-जास्त असू शकतं, असा विचार करायची सवय मला नव्हती.

एका वाक्प्रचारापाशी तात्या थांबले आणि पार्वताबाईला त्याचा अर्थ सांगू लागले. असं ते सहसा करत नसत. बैलाला शिंगांनी धरणे, म्हणजे अडचणीला सरळ सामोरं जाणे, कचरणे नाही. तुम्ही तशाच आहात बाई, म्हणून घालतो, असं म्हणाले. पार्वताबाईने थोडा विचार केला.

“शिंगानं कोनी धरते का मास्तर बैलाले?” ती म्हणाली. “पोट फाडन तो. वेसन धरा लागते.”

आत चुलीपाशी आई हसल्याचं ऐकू आलं. तात्या म्हणाले की इंग्रजांचे बैल वेगळे. बाईला ते पटलं असावं, कारण इंग्रजांचं सगळंच वेगळं होतं. दोन पानं भरली. मी वाचून दाखवलं, तिने हात जोडून ऐकलं, शेवटी कागदाला कपाळ लावलं, अंगठा उठवला आणि कागद लुगड्याच्या ओच्यात घालून गेली. अर्ज तिने स्वतः बुलढाण्याला नेऊन दिला.

तीन आठवड्यांनी ती परत आली. अर्ज परत आला होता. दुसऱ्या पानाच्या समासात निळ्या पेन्सिलीने साहेबाने चार ओळी लिहिल्या होत्या. हाताखालच्या कारकुनाचं ते अक्षर नव्हतं, म्हणजे अर्ज साहेबाच्या डोळ्यांपर्यंत गेला होता, तेवढी समजूत खरी ठरली. ओळींचा अर्थ असा होता: अर्जदार बाईचं मागणं काय आहे ते या कागदावरून समजत नाही. तिने ते साध्या शब्दांत पंधरा दिवसांच्या आत कळवावं. न कळवल्यास आलेलं नाव कायम करण्यात येईल. पंधरापैकी सहा दिवस कागद गावात पोचण्यात गेले होते.

तात्या ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “वाच, कुसुम.”

मी वाचलं नाही. मी म्हणाले, “साहेबांना आणखी खुलासा हवा आहे. नऊ दिवसांत.”

पुढे माझं आयुष्य नागपुरात एका दैनिकाच्या वृत्तकक्षात गेलं. तिथे कागदावर असलेलं न सांगता नसलेलं सांगण्याला एकच नाव आहे. मी ते इथे लिहिते: ती मी दिलेली पहिली खोटी बातमी. तसं का केलं ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं, आता सांगते ते नंतर लावलेलंही असेल. ‘समजत नाही’ हे दोन शब्द तात्यांच्या समोर मोठ्याने वाचणं मला जमणार नव्हतं. त्यांना एकदा एका साहेबाने असंच काही म्हटलं होतं आणि त्यातून चार वह्या झाल्या होत्या. आता त्यांच्याजवळ डोळे नव्हते.

तात्यांवर परिणाम झाला तो मी धरलेला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. “खुलासा मागितला म्हणजे लक्ष देऊन वाचलाय,” ते म्हणाले. “जोर थोडा कमी पडला. आता याहून भारी करू.” त्यांनी मला तिसरी आणि चौथी वही काढायला सांगितली. पार्वताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी कागद फार लवकर घडी केला हे तिने पाहिलं होतं. तात्यांनी तिला विचारलं, बाई, आणखी काही नवीन सांगण्यासारखं आहे का? ती म्हणाली, “दुसरं काई नाही मास्तर. तेच हाय.” आणि तिने तेच पुन्हा सांगितलं, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी मी मोजलं. अकरा वाक्यं होती. एकही जास्तीचं नव्हतं. कोण वारलं, मागे कोण आहे, भीती कुणाची, ती का वाटते, तिला काय हवं, किती दिवसांसाठी. हे सगळं पहिल्या अर्जाच्या दोन पानांत कुठेही एका जागी नव्हतं.

तात्यांनी सांगायला सुरुवात केली. मी टाक बुडवला, काठाला निथळला आणि लिहिलं: माझा नवरा गावचा पाटील होता. तो दिवाळीपूर्वी वारला. तात्या वादळ आणि शांत बंदर सांगत होते. मी लिहिलं: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तिच्या अकरा वाक्यांची मी इंग्रजीत अकरा वाक्यं केली. माझी इंग्रजी पाचवी त्याला पुरली, एकाही शब्दासाठी अडले नाही. कागदाचं अर्धं पान भरलं आणि मजकूर संपला. तात्यांचं अजून पहिलं पानही झालं नव्हतं. मग मी टीपकागद पुढे ओढला आणि त्यावर कोरडा टाक फिरवत बसले, म्हणजे करकर चालू राहील. कान मात्र त्यांच्याकडे ठेवले, कारण पुढचं काम माझ्या लक्षात आलं होतं.

शेवटी ते म्हणाले, “वाचून दाखव बाईंना.”

मी अर्धं पान समोर धरलं आणि तात्यांनी सांगितलेली अडीच पानं तोंडपाठ म्हटली. आठ वर्षं दोन वेळा पानावर बसून झालेली तयारी त्या दिवशी कामी आली. वादळ, बंदर, उंट, दगड, शिंगं, सगळं क्रमाने. तात्या डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. पार्वताबाईने हात जोडले होते, पण ती खाली पाहत नव्हती, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. अर्धं पान अडीच पानांइतका वेळ कसं चाललं, हे तिला दिसत असणार. तिने अंगठा उठवला. लिहिणाऱ्याची सही लागे, म्हणून मी तात्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. त्यांनी बोट तिथे थोडा वेळ ठेवलं. मग सही केली.

त्यानंतरचे दिवस घरात नेहमीसारखे गेले. दोन्ही वेळा पानावर वाक्प्रचार झाले. फरक एवढाच की मला जेवण जाईना. हा अर्ज फेटाळला गेला असता तर एका घराची पाटीलकी माझ्या हाताने गेली, असा त्याचा अर्थ होता. तात्यांच्या शब्दांनी गेली असती तर तो तात्यांचा प्रयत्न म्हटला असता, माझ्या शब्दांनी गेली तर त्याला नाव नव्हतं. आईने मला दोनदा विचारलं की काऊन अशी घास चिवडून राह्यली. मी सांगितलं, ठेचा तिखट झाला. ठेचा रोज तिखटच असे.

पार्वताबाई आली ती घाट्यांची गच्च भरलेली टोपली डोक्यावर घेऊन. आम्ही जेवायला बसतच होतो. ती पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीशी टेकून बसली. साहेबाने तिला आणि चुलत दिराला समोर बोलावलं होतं. किसनचं नाव लागलं. मुलगा वयात आल्यावर तो दप्तर सोडील, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. चुलत दीर परतीच्या मोटारीत तिच्याशी बोलला नाही, आणि ती म्हणाली की एवढ्या आरामाचा प्रवास तिचा कधी झाला नव्हता. आई हसली. तात्यांनी पानावरचा हात उचलून देवळाच्या दिशेने नमस्कार केला. मग ते म्हणाले, पाहा बाई, दुसऱ्या अर्जाला जोर होता.

पार्वताबाईने तिथे थांबायला हवं होतं. पण ती कृतज्ञ होती, आणि कृतज्ञ माणूस सविस्तर बोलतो.

“साहेबानं कागद वाचला अन् कारकुनाले म्हने, बाईले मराठीत वाचून दाखव,” ती म्हणाली. “त्यानं वाचला. मास्तर, मी ऐकूनच राह्यली. तो तं मीच बोलली होती. एकेक बोल माहाच. पोरगं नऊ वर्साचं हाय, दीर दप्तर सोडन नाही, भाऊ उठून जाईन. साहेबानं पुसलं, हे खरं हाय काय? मी म्हनलं, माह्या तोंडचंच हाय, खोटं कसं होईन?”

ती गेल्यावर आईने भाकरी वाढल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, जवसाची चटणी आणि तुरीचं वरण होतं. तात्यांनी चित्राहुती घातली आणि हात पानावर ठेवला. मी वाक्प्रचार तयार ठेवला होता. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही. बाहेर देवळात घंटा झाली, गल्लीतून एक बैलगाडी गेली.

“त्या अर्जाला तू टाक नऊ वेळा बुडवलास,” तात्या म्हणाले. “माझ्या मजकुराला पस्तीस वेळा तरी लागतो. आणि कोरडा टाक जास्त करकरतो.”

मी विचारलं, “तेव्हाच कळलं होतं?”

“तेव्हाच.”

“मग सही का केली?”

ते म्हणाले, “तू माझी अडीच पानं तोंडपाठ म्हटलीस. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिला सगळं येतं ती ते लिहीत नाही, म्हणजे तिला काही तरी ठाऊक असणार, जे मला सांगितलेलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “त्या कागदावर साहेबाने काय लिहिलं होतं?”

मी निळ्या पेन्सिलीच्या चारही ओळी सांगितल्या, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. या वेळी काही गाळलं नाही. आई पळी हातात धरून उभी होती. तात्यांचा चेहरा पाहणं मला अवघड गेलं, पण मी पाहिला. तो फारसा बदलला नाही. शिकवताना एखाद्या मुलाचं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की ते जसे मान किंचित तिरपी करून थांबत, तसे थांबले.

“समजत नाही, असं?”

“हो.”

“मग नऊ दिवस होते, तेव्हा सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले. “मी तिचंच नुकसान करत होतो.”

मी कित्येक अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना आणि संपादकांना त्यांची चूक दाखवली गेल्याचं नंतर पाहिलं आहे. पहिल्या वाक्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विचार करणारा त्यांत मला आढळला नाही. एवढं नोंदवून पुढे जाते. त्या दिवसानंतर ओटीवरचा रिवाज बदलला. आलेल्याचं म्हणणं तात्या आधी दोनदा बोलून घेत, मी ते मराठीत लिहून त्यालाच वाचून दाखवत असे, आणि त्याने ‘हाव’, म्हणजे हो, म्हटल्याशिवाय इंग्रजी सुरू होत नसे. काही लोकांना ते हलकं वाटलं आणि ते दुसरीकडे गेले. तात्यांनी त्यांना अडवलं नाही. वह्या मात्र त्यांनी टाकल्या नाहीत, पानावरचे प्रश्नही बंद केले नाहीत. ते म्हणत, इंग्रजांच्या घरात गेलो तर त्यांच्यासारखं बोलता यायला हवं, आपलं गाऱ्हाणं सांगायचं असेल तेव्हा आपल्यासारखं. पुढे नागपूरच्या वृत्तकक्षात तारयंत्रावरून इंग्रजी बातम्या येत. पोलिसांनी एकही दगड उलटायचा ठेवला नाही, असं एखाद्या नव्या सहकाऱ्याने मराठीत लिहिलेलं दिसलं की मी ते खोडून विचारत असे, पोलिसांनी केलं काय? बहुतेक वेळा त्यांनी काहीच केलेलं नसे.

पण त्या दुपारी हे सगळं पुढचं होतं. वरणावर साय धरली होती. तात्यांनी हात पानावरून हलवला नव्हता. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे नाही, चुलीकडे.

“आज तू सांग,” ते आईला म्हणाले.

आई आधी समजलीच नाही. मग पळी खाली ठेवून पदराला हात पुसले आणि थोडा वेळ विचार केला.

“वेसन धरली का बैल येते मांगं,” ती म्हणाली.

“अर्थ?”

“त्याले अर्थ काय? धरून पाहा.”

तात्या माझ्याकडे वळले. “इंग्रजीत सांग,” ते म्हणाले, “साध्या शब्दांत.” मी शब्द शोधू लागले. वेसणीला इंग्रजी शब्द मला येत नव्हता, तात्यांनाही आठवला नाही, आणि चारही वह्यांत तो नव्हता. दोरी म्हणून पाहिलं, नाकातली दोरी म्हणून पाहिलं. वेळ जात होता. तात्या हात पानावर ठेवून थांबले होते, आणि आई वरणाबद्दल काही बोलली नाही.